बालवाडीत नव्यानं रुजू झालेल्या ताईंसाठी: उद्दिष्टांचा तक्ता आणि समोरची पंचवीस मुलं

जूनमध्ये रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हातात एक तक्ता ठेवतं. ‘सूक्ष्म स्नायू विकास’, ‘संख्यापूर्व संकल्पना’, ‘सामाजिक-भावनिक विकास’, ‘अध्ययन निष्पत्ती’. समोर पंचवीस मुलं. त्यातली सहा-सात रडतायत, एकानं चड्डी ओली केलीय, एक दाराला लटकून ‘आई कधी येणार’ म्हणून विचारतेय. तो तक्ता आणि ही मुलं यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला पहिली दोन वर्षं उमगलं नव्हतं. मी तक्त्यातलं एकेक कलम उचलायचे आणि अख्ख्या वर्गाला शिकवायचे. सोमवारी लाल रंग, मंगळवारी गोल आकार. फाइल सुरेख भरायची. मुलं मात्र होती तिथंच.

पुढं जे लिहितेय ते तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

आधी तक्ता कुठून आला ते बघा

एकदा शांतपणे बसून कागद वाचा, म्हणजे नंतर त्यांची भीती वाटत नाही. एनसीईआरटीच्या २०१९ च्या पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमात विकासाची तीनच उद्दिष्टं आहेत: मूल निरोगी आणि आनंदी असावं, त्याला आपलं म्हणणं नीट सांगता यावं आणि दुसऱ्याचं समजावं, शिकण्यात ते रमावं आणि भोवतालाशी जोडलेलं असावं. २०२१ मध्ये आलेल्या निपुण भारतनंही (लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या पायासाठीची केंद्राची मोहीम) हीच तीन घेतली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात उद्दिष्टं १३ आहेत आणि ती शरीर, भावना-समाज, बुद्धी, भाषा, कला अशा क्षेत्रांत विभागलेली आहेत. शेवटचं उद्दिष्ट शिकण्याच्या चांगल्या सवयींचं आहे. अंगणवाडीत असाल तर आपल्या राज्याचा ‘आकार’ आणि केंद्राचा ‘आधारशिला’ हे अभ्यासक्रमही हातात पडतील. नावं वेगळी असली तरी आत बरंचसं तेच आहे.

एक गोष्ट मात्र नीट बघून घ्या. २०२२ चा आराखडा ३ ते ८ वर्षांसाठी आहे, म्हणजे दुसरीपर्यंतचा. त्यातलं ‘ओघानं वाचन-लेखन’ हे उद्दिष्ट आठव्या वर्षापर्यंत गाठायचं आहे. ते साडेतीन वर्षांच्या मुलाच्या नावापुढं लिहिलेलं दिसलं, तर तक्ता बनवणाऱ्याची घाई झालीय असं समजा.

मोठं उद्दिष्ट, त्याखाली क्षमता, त्याखाली निष्पत्ती (म्हणजे मूल प्रत्यक्ष काय करताना दिसतं ते) अशी ती उतरंड असते. तुमचं काम सगळ्यात खालच्या मडक्याशी.

पहिले पंधरा दिवस शिकवू नका

हे ऐकून मुख्याध्यापक रागावतील. तरीही. गाणी म्हणा, गोष्ट सांगा, खेळणी मांडा, पण डोकं बघण्याकडं ठेवा. एक दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला चार-पाच पानं द्या आणि रोज पाच मुलांबद्दल एकेक ओळ लिहा. पंचवीस मुलं असतील तर आठवड्यात सगळ्यांची एक फेरी होते.

ओळ कशी लिहायची, यातच सगळी मेख आहे. माझ्या जुन्या वहीत हे आहे: ‘सूक्ष्म स्नायू विकास चांगला. वर्गात सहभागी होतो.’ यावरून उद्या काय करायचं ते कळतं का? नाही. दोन वर्षांनंतरच्या वहीतली एक नोंद देते:

‘स्टीलच्या डब्याचं झाकण. आधी दातानं ओढलं. मग डबा पोटाशी धरून दोन्ही अंगठ्यांनी वर ढकललं, निघालं. शेजारणीचाही उघडून दिला. तिनं मागितलं नव्हतं.’

तीन-चार वाक्यांत बघा काय काय आलं: बोटांची ताकद, दोन्ही हात मिळून काम करणं, एक उपाय फसल्यावर दुसरा शोधणं, दुसऱ्याची अडचण ओळखणं. तक्त्यातली चार कलमं एका डब्याच्या झाकणात. घरी जाऊन त्या ओळीपुढं पेन्सिलनं कलमांचे क्रमांक टाका. आधी मूल, मग क्रमांक. उलटं केलंत की मुलं दिसेनाशी होतात.

डबा खाण्याची वेळ, चपला घालण्याची वेळ आणि मोकळा खेळ, या तीन वेळा बघायला सर्वांत चांगल्या. तेव्हा मूल तुमच्याकडं बघून वागत नसतं.

एकेक उद्दिष्ट मुलाच्या हातापर्यंत उतरवा

‘मूल लिहिण्याची पूर्वतयारी करते’ या कलमाचंच घ्या, कारण सगळा ताण याच्यावर येतो. पालकांना जुलैमध्ये ‘अ’ हवा असतो.

हात खांद्याकडून बोटांकडं तयार होत जातो. खांदा, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. ज्या मुलाला लोंबकळता येत नाही, बादली उचलून चार पावलं चालता येत नाही, त्याच्या हातात पेन्सिल दिली की ते ती मुठीत आवळतं आणि खांदा कानाला लावून लिहितं. दोन ओळींत हात दुखतो, मग पाटी ढकलतं. आपण म्हणतो, ‘याला लिहायचा कंटाळा आहे.’ कंटाळा नसतो हो, दुखतंय त्याचं!

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मोठ्या हालचाली: चेंडू फेकणं, दोरीला धरून ओढणं, भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं रंगवणं (पाणी वाळलं की भिंत पुन्हा कोरी, खर्च शून्य). मग तळहाताचं काम: कणीक मळणं, ओलं फडकं पिळणं, मातीचे गोळे. मग बोटांचं: मटार-शेंगा सोलणं, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, मणी ओवणं, चिमटीनं रांगोळी सोडणं. रांगोळीला तोड नाही. अंगठा आणि दोन बोटांची जी पकड पेन्सिलीला लागते, तीच रांगोळीला लागते, आणि चुकलं तर फुंकर मारून पुसता येतं.

आकार कधी काढता येतात याचाही एक ढोबळ क्रम आहे. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्यानंतर. तिरकी रेघ सर्वांत उशिरा येते. आता आपल्या ‘र’मध्ये, ‘श’मध्ये, ‘क्ष’मध्ये किती तिरक्या रेघा, वळणं, गाठी आहेत ते मोजा. ज्या मुलाचा अधिकही सरळ येत नाही त्याला ठिपक्यांवरून ‘क्ष’ गिरवायला लावणं म्हणजे चालता न येणाऱ्याला लंगडी घालायला सांगणं.

वयं ढोबळ आहेत. सहा-आठ महिने इकडंतिकडं चालतात. जूनमध्ये वर्गात आलेल्या मुलांतच जवळपास वर्षाचा फरक असू शकतो, आणि साडेतीन वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाव हिश्शाहून जास्त भाग. प्रत्येक नावापुढं जन्मतारीख लिहून ठेवा. ‘मागं’ वाटणारी बरीच मुलं फक्त लहान असतात.

अंक: शंभरपर्यंत म्हणणारं मूल आणि पाच चिंचोके

एक मुलगी शंभरपर्यंत अंक म्हणायची. स्नेहसंमेलनात तिला स्टेजवर उभं केलं होतं. एकदा मी ओंजळभर चिंचोके पुढं ठेवले आणि म्हटलं, ‘मला पाच दे.’ तिनं मूठ भरून दिली. ‘मोजून बघ बरं.’ ‘एक, दोन, तीन...’ बोट एका चिंचोक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होतं, तोंड पुढं आणि बोट मागं. आठावर थांबली. ‘किती झाले?’ तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

त्या अर्ध्या मिनिटात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. अंकांची माळ पाठ होती. एका वस्तूला एकच अंक हे अजून जमत नव्हतं. आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण किती, हे कळलेलं नव्हतं. तक्त्यात या तिन्हींना मिळून ‘मूल मोजते’ इतकंच म्हणतात.

तिच्यासाठी केलं ते एवढंच: चिंचोका उचलून वाटीत टाकायचा आणि टाकताना अंक म्हणायचा. उचलून टाकलं की तोच चिंचोका पुन्हा मोजला जात नाही. तीनपर्यंत आधी. मग रोज डब्याच्या वेळी ‘तुमच्या सतरंजीवर किती जण? तितक्या वाट्या आण.’ वाटी कमी पडली की कुणीतरी ओरडतंच, तपासायला ताईंची गरज नाही. दिवाळीनंतर ती पाच मागितल्यावर पाच द्यायला लागली. शंभर म्हणणं मधल्या काळात जरा विसरली, आणि त्यावरून तिच्या आजीनं मला बोल लावले.

मराठी अंकांचं आणखी एक. एकोणतीस, त्रेचाळीस, अठ्ठावन्न ही नावं मुलांना जड जातात. दहाचे गट कानाला ऐकूच येत नाहीत, आणि एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी नावं आली तेव्हा किती गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. एवढंच म्हणते की दुसरीच्या मुलांसाठी जी नावं अवघड म्हणून एवढी चर्चा झाली, ती चार वर्षांच्या मुलांकडून पाठ करून घेण्यात काही हशील नाही. बालवाडीत दहापर्यंत खरंखुरं मोजता आलं तरी भरपूर झालं.

एक गोष्ट, आठवडाभर

नव्या ताईंची मोठी चूक म्हणजे प्रत्येक उद्दिष्टाला वेगळा उपक्रम. आठवड्यात तीस उपक्रम होतात आणि घसा बसतो. त्यापेक्षा एक चांगली गोष्ट घ्या आणि तिच्यातून सगळीकडं जा. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टच घेऊ.

सोमवारी फक्त सांगा. चित्र नको, प्रश्न नकोत, तात्पर्य तर मुळीच नको. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे पालुपद दुसऱ्यांदा आलं की मुलं आपणहून तुमच्याबरोबर म्हणतील.

मंगळवारी मुलं गोष्ट करतील. पावसाचा आवाज कोण, दार कोण, बाळ कोण. दार व्हायला सगळ्यात जास्त मागणी असते, का कोण जाणे! न बोलणारी मुलं इथं बोलतात, कारण ‘चिमणाताई, दार उघड’ हे कावळा म्हणतोय, आपण नाही.

बुधवारी परातीत शेणाचं किंवा मातीचं छोटं घर, शेजारी मेणबत्तीच्या तुकड्यांचं. झारीनं पाणी घालण्याआधी विचारा, ‘काय होईल?’ आणि गप्प बसा. आतल्या आत दहापर्यंत मोजा. आपण ताई लोक प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. मग पाणी. माझ्या वर्गात एकानं विचारलं होतं, ‘ऊन पडलं तर चिमणीचं घर वितळेल ना?’ हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं उन्हात ठेवली.

गुरुवारी: चिमणीनं लगेच दार उघडायला हवं होतं का? इथं वर्गात भांडणं होतात. होऊ द्या. ‘बाळ लहान होतं’, ‘पण कावळा भिजला’. दोन्ही बाजू खऱ्या आहेत हे चार-पाच वर्षांचं मूल पहिल्यांदा चाचपडत असतं.

शुक्रवारी शब्दांचे खेळ. ‘चि-म-णी’ला तीन टाळ्या, ‘घर’ला किती? ज्यांच्या नावाचा पहिला आवाज ‘क’ त्यांनी कावळ्यासारखं उडत जाऊन चप्पल घाला. मोठ्या गटाला शब्दांच्या भेंड्याही जमतात. अक्षर दाखवायच्या आधी कानाला आवाज सुटा ऐकू यायला हवा. तो एकदा ऐकू आला की पहिलीत अक्षर शिकणं सोपं जातं.

आठवडा संपला, गोष्ट एकच. वहीतल्या नोंदींवर क्रमांक टाकायला बसा, जवळजवळ सगळी क्षेत्रं आलेली असतील.

भाषेचं अजून थोडं. मूल ‘पानी’ म्हणालं तर ‘पाणी म्हण’ असं सांगू नका. ‘पाणी हवंय? हे घे पाणी,’ एवढंच म्हणा आणि द्या. पहिल्या महिन्यात चारदा दुरुस्त झालेलं मूल पाचव्यांदा तोंडच उघडत नाही. कोरकू, भिली, वारली किंवा हिंदी घरी बोलणारं मूल असेल तर त्याच्या भाषेतले निदान दहा शब्द तुम्ही शिका: आई, पाणी, शी-शू, दुखतंय, भूक. आईलाच विचारा, ती हसत हसत सांगेल. ‘र’च्या जागी ‘ल’ चौथ्या वर्षी चालतो.

सामान

महागडा शैक्षणिक संच नसला तर अडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडला नेलं. तिथं वाड्या-पाड्यांवर पानं, बिया, खडे, शंख-शिंपले यांतूनच साहित्य उभं राहिलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात, हा विचारही तिथलाच. अंगणवाडी हा शब्द आज ज्यांच्या तोंडी आहे त्यांनी एकदा त्या कामाबद्दल जरूर वाचावं.

तीन वर्षांखालचं भावंड वर्गात येत असेल तर चिंचोके-मणी त्याच्या हाती लागणार नाहीत हे बघा. नाकात गेलेला चिंचोका काढायला मी दवाखान्यात बसलेली आहे.

दिवसाचं गणित

हे थोडक्यात. बसून करायचं काम एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. बसण्यानंतर हालचाल, गोंगाटानंतर शांतता. रोज निदान तासभर मोकळा खेळ, आणि तो पाहुणे आले म्हणून कापायचा नाही. मदतनीस ताईंना आदल्या दिवशी उद्याचं सांगून ठेवा. त्या मुलांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

नोंदी आणि पालक

या वयात परीक्षा नाही, लेखी नाही आणि तोंडीही नाही. राष्ट्रीय आराखडा हे स्पष्ट सांगतो. प्रगती लिहिताना मी तीनच शब्द वापरते: ‘मदतीनं’, ‘आठवण केल्यावर’, ‘आपणहून’. ‘हात धुणं: जूनमध्ये मदतीनं, सप्टेंबरमध्ये आपणहून.’ आईला लगेच कळतं. श्रेणी दिलीत की आई शेजारच्या मुलाची श्रेणी विचारते.

‘लिहायला कधी शिकवणार?’ या प्रश्नावर बालमानसशास्त्र सांगायला जाऊ नका. मी एकदा पालकसभेत अर्धा तास बोलले. शेवटी एक बाबा म्हणाले, ‘ते ठीक आहे मॅडम, पण शेजारच्या शाळेत एबीसीडी संपली.’ तेव्हापासून मी पालकांनाच काम देते. डाव्या हातात पेन्सिल द्यायची (डावखुऱ्यांना उजव्या) आणि स्वतःचं नाव मराठीत, रेषेला धरून, पाच वेळा लिहायला सांगायचं. मनगट दुखायला लागलं की बोलणं सोपं जातं. मग जूनमधली आणि आताची त्यांच्या मुलाची चित्रं शेजारी शेजारी ठेवते. म्हणून प्रत्येकाचं महिन्याला एक चित्र, मागं तारीख घालून, जपून ठेवा.

कधी वाट बघत थांबायचं नाही

‘होईल हळूहळू’ हे बहुतेक वेळा खरं असतं. काही वेळा नसतं. तीन वर्षं झाली तरी दोन-तीन शब्दांचं वाक्य नाही, नावानं हाक मारली तरी वळून बघत नाही, आधी येत असलेलं बोलणं किंवा चालणं मागं गेलं, वस्तू डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघतं: यातलं काही दिसलं तर वहीत तारखेसह लिहा आणि पालकांशी एकट्यानं बोला, इतर आयांसमोर नाही. निदान तुम्ही करू नका, ‘गतिमंद’, ‘ऑटिझम’ असले शब्द उच्चारू नका. जे दिसलं ते सांगा. ‘मागून हाक मारली तर चार दिवसांत एकदाही वळला नाही, कान दाखवून घेऊ या.’

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पथक यायच्या दिवशी तुमची वही हाताशी ठेवा. डॉक्टरांना मूल काही मिनिटंच दिसतं, तुम्हाला रोज दिसतं. पुढच्या तपासणीला ते मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात तिथं पाठवतात. खासगी बालवाडीत असाल तर पथकाची वाट न बघता पालकांना थेट सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीआधी

वही उघडा आणि पानं नुसती चाळा. काही मुलांची पानं काठोकाठ भरलेली असतील: जी खूप बोलतात, जी खूप मारामाऱ्या करतात आणि जी तुम्हाला आवडतात. दोन-तीन पानं जवळजवळ कोरी निघतील. ती मुलं रोज आली, डबा खाल्ला, सांगितलं तिथं बसली आणि घरी गेली. त्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहून वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसायचं.